"पूर्ण नाव सांगा" : रुग्णाची ओळख पटवण्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/
रुग्णालयात परिचारिका इंजेक्शन घेऊन खाटेपाशी येते. चार दिवसांपासून तीच येत असते, तरी पुन्हा विचारते, "पूर्ण नाव सांगा." मनगटावरची पट्टी पाहते, कागदाशी ताडते आणि मगच सुई टोचते. नातेवाइकांना हा प्रकार कोरडा वाटतो. "रोज तर पाहता आम्हाला!" असे उत्तर हटकून मिळते. या प्रश्नामागे प्लेगची मुंबई आहे, पंजाबातल्या एका खेड्यातली लशीची बाटली आहे, परळच्या प्रयोगशाळेत सापडलेला एक अजब रक्तगट आहे आणि आपल्या करंजाडे-उलव्याच्या परिसरापर्यंत पोहोचलेली २०२० सालची एक वेदनाही आहे. त्याचाच हा धागा.

२/
प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. घरात आजारी माणसाची ओळख पटवावी लागत नाही. काढा देणारी आई असते, पेज भरवणारी बहीण असते. कोणाला काय चालत नाही, हे घराला तोंडपाठ असते. माणूस आजारी पडून अनोळखी लोकांच्या स्वाधीन होणे, ही आपल्याकडे तुलनेने नवी घटना आहे. आधुनिक रुग्णालयाने शुश्रूषा घराबाहेर नेली. घरचा डोळा जे काम करी, ते आता कोणत्या तरी पद्धतीने करणे भाग होते.

३/
मुंबईत सर जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. खास स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडले. त्याच सुमारास जे. जे.मध्ये परिचारिकांचे रीतसर शिक्षण सुरू झाले आणि १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या शिक्षणासाठी आल्या. प्रशिक्षण घेणाऱ्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आई-बहिणीच्या जागी आता पगारी, प्रशिक्षित स्त्री उभी राहिली. तिच्यासमोर एकाच वेळी अनेक खाटा होत्या आणि त्यांवरचा प्रत्येक चेहरा तिला परका होता.

४/
चेहरे परके आणि नोंदी ढिसाळ असल्या की काय होते, हे क्रिमियाच्या युद्धात दिसले होते. स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात १८५४ मध्ये पोहोचलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना तिथल्या मृत्यूंच्या नोंदीदेखील एकमेकींशी जुळत नसल्याचे आढळले. पुढे त्यांनी रुग्णालयांच्या नोंदी सर्वत्र एकाच नमुन्यात ठेवल्या जाव्यात, असा आग्रह धरला. शुश्रूषा आणि नोंद या दोन गोष्टी तेव्हापासून जोडीने चालू लागल्या.

५/
आता येऊ १८९६ च्या मुंबईत. सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरच्या आरंभीच पालिकेने संशयित रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार स्वतःकडे घेतले. घरातून माणूस उचलला जाई आणि आर्थर रोडच्या रुग्णालयात नेला जाई. मागे उरलेल्यांना एकच ठाऊक असे, की आत गेलेला माणूस पुन्हा दिसेलच, असे नाही.

६/
२९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. इतिहासाच्या पुस्तकांत याचे वर्णन बहुधा 'अफवांमुळे झालेला उद्रेक' असे येते. अफवा होत्याच. पण त्या अफवांच्या तळाशी एक खरी भीती होती. आत गेलेला आपला माणूस तिथे कोणाला माहीत आहे? त्याला नावाने कोण हाक मारील? तो मेला, तर तो तोच होता, हे कोण सांगेल?

७/
पुढे मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये उभारली. त्यामागे जातीपातीची बंधने होती, हे खरेच. पण आत आपल्या ओळखीचे कोणी असावे, ही इच्छाही होती. पुण्याजवळ हडपसरच्या परिसरात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत होते. लागण झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी दवाखान्यात आणले. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शुश्रूषेच्या दोन तऱ्हा त्या एका साथीत शेजारी-शेजारी दिसतात. एकीत रुग्ण म्हणजे 'केस', तर दुसरीत अमक्याचा मुलगा.

८/
त्याच १८९७ सालची आणखी एक नोंद पाहा. जून महिन्यात कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. या प्रकारचे जगातील पहिले कार्यालय म्हणून ते ओळखले जाते. गुन्हेगार नाव बदलून पुन्हा आला, तरी तो ओळखता यावा, यासाठी ही व्यवस्था होती. माणसाची ओळख चेहऱ्यावर आणि तोंडी नावावर सोडता येत नाही, हे राज्यकर्त्यांना पुरते उमगले होते. कोठडीच्या दाराशी ही अक्कल आधी पोहोचली. रुग्णाच्या खाटेशी पोहोचायला तिला बराच काळ लागला.

९/
इथून धागा पंजाबात जातो, पण त्याचे टोक मुंबईतच आहे. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेतून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात (आज पाकिस्तानात) १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले.

१०/
त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या होत्या. दगावलेल्या सर्व १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. तिचा क्रमांक होता '५३-एन'. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काही झाले नाही. थोडे थांबून या गोष्टीचे महत्त्व पाहू. बाटलीवर क्रमांक होता आणि कोणाला कोणत्या बाटलीतली लस दिली, याचा मेळ घालता येत होता. म्हणूनच दोष संपूर्ण लशीत नसून एका बाटलीत आहे, हे कळू शकले. माणूस आणि औषध यांना जोडणारी नोंद नसती, तर उरला असता केवळ एक भयंकर आकडा.

११/
तरीही ठपका आला तो हाफकिन यांच्यावर. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने दूषितीकरण प्रयोगशाळेतच झाल्याचे मानले. हाफकिन यांना पद सोडावे लागले. पुढे साक्षी-पुरावे नीट तपासले गेले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये 'द टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव मिळाले. चूक घडली की आधी माणूस धरायचा आणि कार्यपद्धती मागाहून तपासायची, ही सवय किती जुनी आहे, ते येथे दिसते.

१२/
आता रक्ताकडे वळू. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला आणि माणसाला एक नवी ओळख मिळाली. ती चेहऱ्यावर दिसत नाही, नावावरून कळत नाही आणि खुद्द त्या माणसालाही तपासणीशिवाय ठाऊक नसते. चुकीच्या गटाचे रक्त चढवले, तर काही मिलिलिटरही जीवावर बेतू शकतात. म्हणून 'हा रुग्ण कोण' या प्रश्नाला 'याचे रक्त कोणते' हा दुसरा प्रश्न कायमचा जोडला गेला.

१३/
या दुसऱ्या प्रश्नाने मुंबईत एक विलक्षण वळण घेतले. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकारी काम करीत होते. रेल्वेशी संबंधित एक जखमी आणि भोसकला गेलेला एक जखमी, अशा दोघांना रक्त हवे होते. चाचणीत त्यांचा गट 'ओ' असल्यासारखा भासे. पण 'ओ' गटाच्या दात्यांचे रक्त त्यांच्या रक्ताशी जुळवून पाहिले, की गुठळ्या होत. एकामागून एक दाते तपासले, तरी तेच. या निरीक्षणांवरचा शोधनिबंध १९५२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. आज जग त्या गटाला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणते.

१४/
त्यातले शास्त्र असे : 'ओ' गटाच्या पेशींवर 'ए' आणि 'बी' हे घटक नसतात, पण 'एच' नावाचा पायाभूत घटक असतो. बॉम्बे गटात हा 'एच'ही नसतो. म्हणून त्या शरीराला 'ओ' रक्तसुद्धा परके वाटते. 'ओ सर्वांना चालते' हे आपण शाळेत शिकलेले वाक्य येथे प्राणघातक ठरू शकते. दोन जखमींच्या बाबतीत अनर्थ टळला, कारण पिशवीवरची चिठ्ठी आणि रुग्णाचा गट जुळतो, एवढ्यावर कोणी समाधान मानले नाही. प्रत्यक्ष रक्त रक्ताशी जुळवून पाहिले गेले.

१५/
आजही रक्त चढवण्यापूर्वी खाटेशेजारी दोन जण मोठ्याने वाचतात : रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, गट, पिशवीचा क्रमांक, मुदत. पहिली पंधरा मिनिटे रक्त हळू सोडतात आणि परिचारिका लक्ष ठेवून असते. ताप, थंडी, पाठदुखी, अस्वस्थता दिसली, की ती आधी रक्त थांबवते. प्रयोगशाळेत कितीही काटेकोर काम झाले, तरी बरोबर पिशवी चुकीच्या खाटेवर गेली, तर सारे व्यर्थ. साखळीची शेवटची कडी म्हणजे खाटेशेजारची ती परिचारिका.

१६/
पण शेवटची कडी म्हणजे अख्खी साखळी असे नव्हे. १९८६ च्या आरंभी जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. औषध योग्य रुग्णाला, योग्य बाटलीतून दिले गेले होते. खोटी होती ती त्या बाटलीतल्या द्रवाची ओळख. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध नियंत्रणापर्यंतच्या भ्रष्ट आणि बेपर्वा कारभाराचे वाभाडे काढले. खाटेशेजारची पडताळणी कितीही चोख असली, तरी वरच्या कड्या गंजलेल्या असतील, तर ती एकटी रुग्णाला वाचवू शकत नाही.

१७/
आणि स्वतःचे नाव सांगूच न शकणारा रुग्ण? नवजात बाळ. त्याला तर अजून नावच नसते. म्हणून जन्मताच आईच्या आणि बाळाच्या मनगटावर जुळणारी पट्टी, बाळाच्या पावलाचा ठसा, आईच्या कागदावर जन्मवेळ आणि वजन, अशी व्यवस्था रुग्णालयांनी बसवली. ती कोलमडली की काय घडते, हे आसामातील मंगलदोई येथे दिसले. मार्च २०१५ मध्ये तेथील शासकीय रुग्णालयात दोन बाळांची अदलाबदल झाली. डीएनए चाचणीने सत्य बाहेर आले, पण तोवर मुले मोठी होऊ लागली होती. २०१८ मध्ये दोन्ही मुलांनी आपापल्या घरच्या कुशीतून हलण्यास नकार दिला आणि दोन्ही कुटुंबांनी वाढवलेले मूलच आपले मानले. एक कुटुंब बोडो, दुसरे मुस्लिम. त्यांच्या मनाच्या मोठेपणाची कथा जगभर गेली. तो मोठेपणा दाखवण्याची वेळ मुळात कोणावर यायला नको होती.

१८/
जगभर अशा घटना साचत गेल्या, तेव्हा नियम लिखित झाले. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००३ मध्ये किमान दोन ओळखखुणा तपासणे बंधनकारक केले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय जाहीर केले. त्यांत रुग्णाची अचूक ओळख हा स्वतंत्र उपाय होता. भारतातही रुग्णालयांच्या मानांकनात ही अट आली. नियमाचा गाभा साधा आहे. खाट क्रमांक ही ओळख धरू नये, कारण रुग्ण खाट बदलतो. "तुम्ही सुनीता पाटील ना?" असे विचारू नये, कारण गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही "हो" म्हणतो. नाव रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यावे.

१९/
हे नियम आपल्या मातीत उतरतात, तेव्हा त्यांना आपल्या रीतीभातींशी गाठ घ्यावी लागते. पनवेल-उरण पट्ट्यातील जुन्या गावांत पाटील, म्हात्रे, ठाकूर, घरत, भगत या आडनावांची इतकी घरे, की नुसत्या आडनावाने काहीच कळत नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल. लग्नानंतर मुलीचे आडनावच काय, कधीकधी नावही बदलते. मग आधार कार्डावर माहेरचे नाव, केसपेपरवर सासरचे, आणि घरात हाक मारायचे तिसरेच. जुन्या पिढीतील बाई तर नवऱ्याचे नाव उखाण्याशिवाय घेत नसे. तिला "पतीचे नाव?" विचारले, की ती शेजारणीकडे पाही.

२०/
मग जन्मतारीख विचारावी, तर तिथे १ जून उभा असतो! शाळेत घालताना नक्की तारीख ठाऊक नसली, की गुरुजी १ जून लिहून टाकीत. महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस असा एकाच दिवशी येतो. दुसरी ओळखखूण म्हणून जगाने सुचवलेली जन्मतारीख आपल्या वॉर्डात अनेकदा निरुपयोगी ठरते. म्हणून रुग्णाच्या मनगटावरचा नोंदणी क्रमांक आपल्याकडे अधिक मोलाचा. करंजाड्यासारख्या सिडकोच्या नव्या वसाहतीत हे आणखी जाणवते. विमानतळासाठी गावे हलली, घाटावरून, खानदेशातून, मराठवाड्यातून, परप्रांतांतून माणसे आली. एका मजल्यावर राहणारेही एकमेकांना पुरते ओळखत नाहीत. गावच्या दवाखान्यात "हा अमक्याचा नातू" म्हणणारे कोणी असे. येथे ते कोण म्हणणार?

२१/
या प्रश्नाचे क्रूर रूप २०२० मध्ये समोर आले. कोविडच्या काळात नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता, चेहऱ्यावर मुखपट्टी, अंगावर संरक्षक पोशाख आणि मृतदेह गुंडाळलेला. मे महिन्यात वाशीच्या महापालिका रुग्णालयाच्या शवागारातून उलव्यात राहणाऱ्या एका तरुणाचा मृतदेह चुकून दुसऱ्याच कुटुंबाकडे सोपवला गेला आणि त्यांनी आपले माणूस समजून अंत्यसंस्कार उरकले. उलवे म्हणजे करंजाड्याच्या शेजारचीच वसाहत. तरुणाच्या घरच्यांना शेवटचे दर्शनही झाले नाही आणि त्यांच्या धर्माप्रमाणे दफनही करता आले नाही.

२२/
जुलै महिन्यात ठाण्याच्या बाळकुम येथील कोविड रुग्णालयातून एक वृद्ध रुग्ण बेपत्ता झाल्याची तक्रार घरच्यांनी केली. शोध घेतला, तेव्हा कळले, की त्यांचा मृत्यू झाला होता आणि मृतदेह भलत्याच कुटुंबाला देण्यात आला होता. त्या दुसऱ्या कुटुंबाने ज्यांच्या नावाने अग्नी दिला, ते गृहस्थ अतिदक्षता विभागात जिवंत होते. आर्थर रोडच्या दाराशी १८९६ मध्ये जमलेल्या गिरणी कामगारांची भीती सव्वाशे वर्षांनी शब्दशः खरी ठरली.

२३/
अशा वेळी कारवाईची मागणी होते आणि ती बहुधा पाळीवर असलेल्या माणसापर्यंत येऊन थांबते. निष्काळजीपणाची जबाबदारी निश्चित व्हायलाच हवी. पण इतिहास आणखी काही प्रश्न विचारायला शिकवतो. एका परिचारिकेवर त्या रात्री किती खाटा होत्या? मनगटपट्ट्या पुरेशा होत्या का? रुग्ण एका कक्षातून दुसऱ्या कक्षात हलवताना नाव कोणी वाचले आणि सही कोणी केली? मुलकोवालमध्ये हाफकिन यांच्यावर ठपका ठेवून धनुर्वाताचे जंतू संपले नव्हते. चिमटा नीट निर्जंतुक करण्याची शिस्त लागल्यावर धोका टळणार होता.

२४/
म्हणून पुढच्या वेळी आजीसोबत रुग्णालयात जाल, तेव्हा एवढे करा. केसपेपर, आधार कार्ड आणि मनगटपट्टीवरचे नाव एकच आहे का, ते पाहा. वेगळे असेल, तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. रक्तगट ऐकीव सांगू नका. परिचारिकेने नाव विचारले, की आजीला स्वतः सांगू द्या. घाईत ती विचारायला विसरली, तर रागावू नका, पट्टी पुढे करा. आणि घरी आल्यावर जुने कागद काढून मोजा : तुमच्या घरात एका माणसाची किती नावे आहेत आणि १ जूनला जन्मलेले किती जण आहेत? उत्तरे खाली लिहा, आपलाच एक छोटा दस्तऐवज तयार होईल.